उघाडी

मथुरा मढवी ट्रेसर होती.
बेलापूरचं ऑफिस, दुसरा मजला,
खिडकीपासून तिसरं टेबल. मी चौथ्यावर.
पहिल्याच दिवशी माझा उत्तर दिशेचा बाण बघून म्हणाली,
‘इतका सजवू नको. उत्तर काय नवरी हाय?’

नोकरी तिला जमिनीच्या बदल्यात मिळाली.
बापाचं मिठागर गेलं, सतरा कोंड्या,
आणि घरटी एकाला कामावर घ्यायचं ठरलं.
भाऊ नववी नापास. हिचं अक्षर चांगलं.
वाङ्मयीन जडणघडण म्हणतात ती एवढीच.
प्रस्तावनेत तिला चार पानं लागली.

ती लिहायची ट्रेसिंगच्या कातरणांवर,
आधी शिरोरेषा मारून घ्यायची,
मग एकेक शब्द खाली टांगायची.
नको झालेला खोडत नसे. ब्लेडनं खरवडायची.
‘शाई निघते गं. कागद मात्र पातळ होतो.’
मग ते कातरण ट्यूबलाइटला धरून
कुठे किती पातळ झालंय ते बघत राहायची,
लिहिलेलं सोडून.

विरामचिन्हं नाहीत.
‘जणू’ हा शब्द तिच्या एकाही कवितेत नाही,
मी बोट ठेवून तपासलंय.

तिची आत्या धवलारीण. पंचक्रोशीतली लग्नं
तिच्या आवाजाशिवाय लागत नसत.
म्हणून ठाण्याच्या संमेलनात अध्यक्षांनी माईक पुढे करत
फर्मावलं, आता मढवीबाई आपल्याला धवला ऐकवतील.
तिनं पदर खोचला, घडीचा कागद उलगडला
आणि सर्व्हे नंबर वाचायला लागली.
एकशे बारा
एकशे बारा पोटहिस्सा एक
एकशे तेरा खार
एकशे चौदा खार
सात मिनिटं.
एकशे एकोणीसला थांबली. पाणी प्यायली. पुढे गेली.
पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं,
मग ते हसू कुठे ठेवावं त्याला कळेना.
मागे गावची तीन माणसं बसली होती,
आपला नंबर आला की हात वर करत होती.
दुसऱ्या दिवशी छापून आलं :
कवयित्रीने रसिकांची निराशा केली.
ते कात्रण टेबलाच्या काचेखाली राहिलं,
तिच्या निवृत्तीपर्यंत, गणपतीच्या शेजारी.

पुस्तक एकच. बेचाळीस पानं.
कव्हर आम्ही दोघींनी ऑफिसच्याच अमोनिया मशीनवर
साहेब गेल्यावर काढलं, डोळे चोळत, खोकत, हसत.
ते निळं उन्हात टिकत नाही हे आम्हाला माहीत होतं.
माझ्या प्रतीवर आता नावही नाही.

एक शीट राहिलीच सांगायची.
खाडीकडची. तिच्यावर तिनं जुना बांध काढला होता
आणि बांधात बापाची उघाडी,
भरतीचं पाणी आत घ्यायची ती.
साहेब म्हणाले, हे आता अस्तित्वात नाही, काढून टाका.
तिनं वाद घातला नाही. नवं ब्लेड मागितलं.
दुपारभर खरवडत बसली, जेवायला उठली नाही.
एवढ्याशा रेघेला इतका वेळ लागत नाही,
मी ट्रेसर आहे, मला कळतं.

आज मी त्याच शीटवर राहते, सी विंग, तळमजला.
अमावास्येच्या उधाणाला पार्किंगच्या एका कोपऱ्यात पाणी येतं.
तीनदा वॉटरप्रूफिंग झालं, वर्गणी निघाली,
कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालून झाल्या.
ट्रेसिंग माझ्याकडे आहे. रद्दीत जात होतं, उचललं.
ते मी दिव्याला धरलं,
तो कोपरा बोटभर पातळ आहे.
सोसायटीच्या सभेत मी काही बोलले नाही.
कुठल्या इतिवृत्तात बसलं असतं ते?

वॉचमन तिथे पोतं टाकतो.
परवा सकाळी त्यानं मला हाक मारली.
पोत्यावर काहीतरी उड्या मारत होतं,
मातकट, डोळे डोक्यावर.
तो परभणीचा. विचारत होता, ताई, हे काय, मासा का बेडूक?
निवटा, मी म्हणाले.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं.